माती ओली, तरी रोप मान टाकते: फ्लॅटमधील कोथिंबीर, पुदिना आणि बेसिलच्या नेहमीच्या दुखण्याचे निवारण

जून सरत आला की पर्वरीतील आमच्या इमारतीत एक तक्रार ठरल्यासारखी दारात येते. शेजारच्या वहिनी हातात कुंडी घेऊन उभ्या असतात, कुंडीतला पुदिना काठावरून खाली लोंबत असतो आणि त्या म्हणतात, "अहो, पाणी तर रोज घालते, तरी हे मरतं कसं?" उत्तर बहुधा त्या प्रश्नातच असते. स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा बंदिस्त बाल्कनीत लावलेली कोथिंबीर, पुदिना, बेसिल ही रोपे गोव्याच्या पावसाळ्यात तहानेने क्वचितच मरतात. त्यांच्या मुळांचा श्वास कोंडतो. हा बिघाड मी स्वतःच्या आणि इतरांच्या कुंड्यांत इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की तपासण्यांचा एक क्रम आपोआप ठरून गेला आहे. पहिल्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही, आणि पुष्कळ कुंड्या तेवढ्यावरच सावरतात. म्हणून नवी माती किंवा औषधे विकत आणण्याआधी हा क्रम पाळावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

लक्षणे

मुख्य लक्षण असे की माती हाताला ओली लागते, तरी पाने मलूल होऊन खाली झुकतात आणि रात्र उलटूनही सकाळी ती सावरत नाहीत. यातील शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, कारण दुपारच्या उन्हाने मान टाकलेले निरोगी रोप ऊन उतरल्यावर किंवा पाणी मिळाल्यावर काही तासांत पुन्हा ताठ होते. दुखणे जुने असेल तर खालची पाने आधी पिवळी पडतात, कुंडीजवळ हात नेताच बारीक काळी चिलटे उडतात, मातीवर शेवाळाचा हिरवा किंवा बुरशीचा पांढरा थर दिसतो आणि नाक जवळ नेल्यास आंबूस वास येतो. नुकत्याच उगवलेल्या कोथिंबिरीत चित्र थोडे वेगळे असते. काल संध्याकाळी सरळ उभे असलेले कोंब आज सकाळी आडवे पडलेले असतात आणि मातीलगतचा देठ चिमटीत दाबून धरल्यासारखा दोऱ्याएवढा बारीक झालेला असतो. शेतीच्या भाषेत याला रोपे कोलमडणे म्हणतात. कारण तेच आहे, फक्त ते कोवळ्या वयात आणि फार वेगाने घडते.

यापेक्षा वेगळी लक्षणे असतील तर हा लेख आपल्या उपयोगाचा नाही. पानांची टोके करपली असून कुंडीच्या काठावर पांढरा खार साचला असेल तर ते क्षारांचे दुखणे आहे, आणि पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण आहे. कोथिंबिरीच्या बाबतीत आणखी एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. कोथिंबीर हे वर्षभर टिकणारे झाड नाही. पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत तिच्या मध्यातून उंच दांडा निघतो, पाने बडीशेपेच्या पानांसारखी विरळ होतात आणि पांढरी फुले येतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे त्याहूनही लवकर होते. ती तिच्या आयुष्याची अखेर आहे, रोग नाही, आणि त्यावर उपाय शोधण्यात वेळ घालवू नये.

पावसाळ्यातच असे का होते

मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, त्यांचे काम मंदावते आणि शेजारी भरपूर पाणी असूनही ती ते वर ओढू शकत नाहीत. म्हणजे पाने तहानलेली आणि मुळे बुडालेली, अशी अवस्था होते. अशा गुदमरलेल्या मुळांवर मग पिथियमसारखे बुरशीवर्गीय सूक्ष्मजीव चाल करून येतात. मेमध्ये आपण रोज पाणी घालतो आणि ते योग्यच असते. जूनमध्ये पाऊस लागतो, हवेतील आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत चढते, पानांतून होणारे बाष्पीभवन मंदावते, बाल्कनीला वाऱ्यापावसासाठी प्लास्टिकचे कापड बांधले जाते आणि घरातली कुंडी एका दिवसाऐवजी आठवडाभर ओली राहू लागते. बदललेला नसतो तो फक्त आपला रोजचा तांब्या.

पहिली तपासणी: बोट आणि वजन

तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावी. वरचा थर सुका आणि आत ओल लागली, तर पाणी घालायचे नाही. मी बोटाऐवजी माडाच्या झावळीचा हीर वापरतो, कारण तो कुंडीच्या तळापर्यंत जातो. पाच मिनिटे आत ठेवून बाहेर काढला की कुठपर्यंत तो ओला झाला आहे आणि त्याला चिखल चिकटला आहे की नुसते सुटे कण, हे दोन्ही कळते. वरून कोरडी दिसणारी कुंडी तळाशी चिखल झालेली असते, हे नवशिक्यांना या एका काडीने जितके पटते तितके समजावून पटत नाही.

त्याहून खात्रीची खूण म्हणजे वजन. पाणी घालून निथळलेली कुंडी एकदा हातात उचलून तिचा जडपणा लक्षात ठेवावा. घरात वजनकाटा असेल तर आकडाच लिहून ठेवावा. माझ्या ८ इंची प्लास्टिकच्या कुंडीचे वजन पाणी निथळल्यावर साडेतीन किलोच्या आसपास भरते, आणि सव्वादोन किलोवर आल्याशिवाय मी पुन्हा पाणी घालत नाही. मेमध्ये हे अंतर दोन दिवसांत संपते, जुलैच्या झडीत त्याला सहा ते आठ दिवस लागतात. ठरावीक वारी किंवा ठरावीक वेळी पाणी घालण्याची सवय का घातक आहे, ते या दोन आकड्यांवरून कळावे.

कुंडी जड असेल, तर पुढचे सर्व करताना पाणी पूर्ण थांबवावे. रोप मलूल दिसते म्हणून घोटभर पाणी घालण्याचा मोह आवरणे हा या दुरुस्तीचा सर्वांत अवघड भाग आहे.

दुसरी तपासणी: बुडाची भोके आणि खालची बशी

कुंडी उचलून तिचे बूड पाहावे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा प्लास्टिकच्या कुंड्यांना भोकांच्या जागी फक्त पातळ चकत्या असतात, ज्या आपण फोडायच्या असतात. त्या न फोडताच झाड लावलेले मी अनेकदा पाहिले आहे. तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने दोन मिनिटांत काम होते. शोभेच्या चिनी मातीच्या भांड्यात आतली कुंडी ठेवली असेल तर ती बाहेर काढून भांड्याच्या तळाशी किती पाणी साचले आहे ते पाहावे. कुंडीला पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशीत उरलेले पाणी ओतून टाकणे आवश्यक आहे. ते मुळांसाठी जसे वाईट, तसेच डेंगी पसरवणारे डासही अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.

इथेच एका जुन्या समजुतीबद्दल बोलले पाहिजे. कुंडीच्या तळाशी जांभ्याचे खडे किंवा विटांचे तुकडे भरले की पाण्याचा निचरा सुधारतो, असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी जाड खड्यांच्या थरात सहज उतरत नाही. ते दोन्हींच्या सीमेवर माती भिजवून अडून राहते, आणि खड्यांमुळे ती सीमा मुळांच्या अधिक जवळ येते. आठ इंची कुंडीत दोन इंच खडे भरले की आपण मुळांची दोन इंच जागा कमी केली, एवढेच साधते. भोकावर माती अडवण्यापुरता खापराचा एक तुकडा पुरे.

तिसरी तपासणी: कुंडीत पाण्याशिवाय आणखी काय जाते

हा प्रश्न विचारला की घरातले एकमेकांकडे पाहतात. तांदूळ धुतलेले पाणी, डाळीचे पाणी, चहाचा चोथा, कधी दुधाची पिशवी विसळलेले पाणी, असे सर्व काही प्रेमाने कुंडीत जात असते. अंगणातल्या माडाच्या आळ्यात हे खपून जाते, पण फ्लॅटमधल्या ओल्या कुंडीत त्यातील पिठूळपणा आणि साखर सडते, वर बुरशी धरते आणि चिलटांच्या अळ्यांची सोय होते. हे सर्व महिनाभर बंद ठेवून पाहावे. हळद किंवा दालचिनीची पूड भुरभुरल्याने वरची पांढरी बुरशी काही दिवस दिसेनाशी होते; खालचा चिखल तसाच राहतो, म्हणून मी ती भुरभुरत नाही.

चौथी तपासणी: ऊन नक्की कुठून येते

नवशिक्यांना सर्वांत जास्त चकवते ते हेच. प्रकाश कमी पडला की रोप कमी पाणी वापरते आणि तीच कुंडी ओली राहते, म्हणून प्रकाशाची तपासणी ही पाण्याचीच तपासणी आहे. दुपारी बाराच्या सुमारास कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवर तळहात धरावा. बोटांची सावली रेखीव पडली तर प्रकाश पुरेसा आहे, धूसर पडली तर पुदिना कसाबसा तग धरेल, आणि सावली दिसलीच नाही तर त्या जागी कोथिंबीर व बेसिल लावू नये. या दोघांना दिवसाला किमान चार ते सहा तास थेट ऊन हवे.

"जानेवारीत याच बाल्कनीत उत्तम आली होती" हे वाक्यही मी पुष्कळ वेळा ऐकले आहे आणि ते खरेही असते. गोवा साधारण साडेपंधरा अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन तिरपे होऊन आतपर्यंत शिरते. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत मात्र दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे दक्षिणेची तीच बाल्कनी पूर्ण सावलीत जाते. त्यात पावसाळी ढगांची भर पडते. म्हणजे रोपाची जागा तीच राहिली तरी तिथला प्रकाश निघून गेलेला असतो. कुंड्या जूनमध्ये पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत हलवणे हा फुकटचा उपाय आहे. खिडकीच्या गजांवर किंवा कठड्यावर मात्र कुंडी नुसती ठेवू नये. पावसाळी वाऱ्याने ती खाली कोसळली तर प्रश्न रोपापुरता राहत नाही.

पाचवी तपासणी: वारा आणि चिलटे

कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या असतील तर त्यांत वीतभर अंतर ठेवावे आणि खोलीतला पंखा दिवसातून काही तास मंद गतीने चालू ठेवावा. चिलटांसाठी पिवळे चिकट सापळे मिळतात, ते स्वस्त आहेत आणि उडणारी चिलटे त्यांवर अडकतात. पण अळ्या मातीच्या वरच्या एक-दोन इंचांत असतात आणि ओल नसेल तर जगत नाहीत, त्यामुळे वरचा थर सुकू देणे हाच खरा इलाज ठरतो. चिलटांची एक पिढी साधारण तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते, म्हणून आठवडाभरात फरक दिसला नाही तरी सापळे काढून टाकू नयेत.

सहावी तपासणी: माती

इथून पुढे थोडा खर्च आणि हातांना चिखल लागतो. ओलसर मातीचा गोळा मुठीत दाबून मूठ उघडावी. बोटाने टोचल्यावर गोळा विखुरला तर माती ठीक आहे. तो लाडवासारखा घट्ट राहिला, किंवा टोचल्यावर नुसता खळगा पडला, तर ती माती कुंडीसाठी निरुपयोगी आहे. आपल्याकडची तांबडी जांभ्याची माती बागेत चांगली वाटते, पण कुंडीच्या अरुंद जागेत वरचेवर पाणी पडून ती विटेसारखी दबते. काळ्या पिशवीत मिळणाऱ्या रोपांच्या मुळांभोवती अशाच मातीचा घट्ट गोळा असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी एकदा पुदिन्याची अशी पिशवी आणली आणि तो गोळा तसाच उत्तम, भुसभुशीत मिश्रणात लावला. पंधरा दिवसांनी भोवतालचे मिश्रण कोरडे होते आणि मधल्या गोळ्यात घातलेला हीर चिखलाने माखून बाहेर आला. तेव्हापासून नवीन रोप लावण्याआधी मी तो गोळा बादलीभर पाण्यात बुडवून, बोटांनी हलकेच माती सोडवून घेतो. कोथिंबिरीला मात्र ही वागणूक चालत नाही, तिचे सोटमूळ दुखावले की ती उठत नाही, म्हणून तिचे रोप आणूच नये, धणे पेरावेत.

मिश्रण माझे साधे आहे: एक भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले गांडूळखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धा भाग नदीची जाड, धुतलेली वाळू. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून कुणी वापरू नये, तिच्यातील मीठ रोपांना मारते. कोकोपीटची वीटसुद्धा भिजवल्यावर दोन-तीन वेळा पाणी बदलून धुवावी, कारण काथ्यात क्षार राहिलेले असतात. किनारपट्टीजवळ राहणाऱ्यांनी विहिरीचे किंवा बोअरवेलचे पाणी जिभेवर किंचित मचूळ लागते का, तेही एकदा पाहावे.

हे मिश्रण मेमध्येच करून ठेवणे शहाणपणाचे असते. पुरुमेंताच्या दिवसांत आपण सुकी मासळी, मीठ आणि आमसुले भरून ठेवतो, त्याच दिवसांत जुनी माती किंचित ओली करून, पारदर्शक प्लास्टिकखाली पातळ थरात गच्चीवर चार आठवडे तापवली तर तिच्यातील पुष्कळसे रोगजंतू आणि अळ्या मरतात. ऑगस्टमध्ये ही सोय नसते.

सातवी तपासणी: मुळे उघडून पाहणे

आठ-दहा दिवस पाणी थांबवून, जागा बदलूनही रोप सावरले नाही, तरच ही तपासणी करावी, कारण तिने रोपाला धक्का बसतो. माती थोडी सुकली असताना देठाच्या दोन्ही बाजूंनी बोटे पसरून कुंडी तळहातावर उलटी करावी आणि बुडावर थाप मारावी. निरोगी मुळे पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि करकरीत असतात, मातीला पावसाचा वास येतो. सडलेल्या मुळांना गटाराचा वास येतो, रंग तपकिरी असतो, आणि एक मूळ चिमटीत धरून हलके ओढले की वरची साल मोज्यासारखी निसटून हातात येते आणि आत केसासारखा बारीक धागा तेवढा उरतो. हे एकदा पाहिले की पुन्हा कुणाला विचारावे लागत नाही.

अर्ध्याहून कमी मुळे सडली असतील तर ती स्वच्छ कात्रीने कापावीत, तितकाच वरचा पालाही छाटावा आणि रोप कोरड्यासर नव्या मिश्रणात, आधीपेक्षा लहान कुंडीत लावावे. मोठ्या कुंडीत जास्त माती, म्हणजे जास्त काळ टिकणारी ओल. रोपाला मोकळी जागा द्यावी म्हणून केलेला हा उपकार पुन्हा त्याच्या मुळावर येतो. अर्ध्याहून जास्त मुळे गेली असतील तर पुदिना आणि बेसिल यांचे निरोगी शेंडे चार इंचांवर कापून, खालची पाने काढून, पाण्याच्या पेल्यात ठेवावेत आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलावे. आठवडा-दोन आठवड्यांत नवी मुळे फुटतात. कोलमडलेली कोथिंबीर वाचत नाही. ती उपटून, माती बदलून, मूठभर धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून पुन्हा पेरावेत. पेरताना मातीत ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) मिसळता येतो, पण तो पुढच्या रोपांच्या रक्षणासाठी असतो.

खरे सांगायचे तर, दिव्याच्या सोयीशिवाय जुलैमध्ये फ्लॅटमध्ये कोथिंबीर पेरण्याच्या मी विरोधात आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे तिचे महिने. पावसाळ्यात खिडकीत पानओवा ठेवावा आणि हिरव्या चटणीसाठी बेळगावहून येणारी जुडी विकत घ्यावी.

शेवटचा आणि महागडा उपाय: दिवा

तरीही हौस असेल तर १८ ते २० वॅटची पांढऱ्या प्रकाशाची साधी एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यांपासून ८ ते १० इंचांवर टांगून रोज १४ तास चालू ठेवावी. जांभळा प्रकाश देणारे महागडे दिवे घेण्याचे कारण नाही. वीस वॅटचा दिवा १४ तास चालला तर दिवसाला ०.२८ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण साडेआठ युनिट वीज लागते. दिवा लावल्यावर कुंडी लवकर सुकू लागते, तेव्हा वजनाचे आकडे नव्याने लिहावेत.

कुठे थांबावे आणि कुणाला बोलवावे

कोथिंबिरीसाठी कुणालाही बोलवू नये. तिची किंमत मूठभर धण्यांएवढी आहे. पण नव्या मातीत, योग्य पाण्यावर आणि पुरेशा उजेडात दोनदा लावलेले रोप दोन्ही वेळा त्याच प्रकारे मेले, किंवा मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या, किंवा चार-पाच वर्षे जपलेला कडीपत्ता खालून वर वाळत चालला, तर घरगुती प्रयोग थांबवावेत. गाठी बहुधा सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या असतात आणि ती माती इतर कुंड्यांत मिसळणे म्हणजे दुखणे वाटणे होय. आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात किंवा जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. खाण्याच्या पाल्यावर दुकानदाराने सुचवलेले रासायनिक कीटकनाशक किंवा बुरशीनाशक स्वतःच्या मनाने कधीही फवारू नये. पानांची भाजी किंवा चटणी करणाऱ्या घरात त्याची मात्रा आणि काढणीपूर्व थांबण्याचे दिवस जाणकाराशिवाय कुणी ठरवू नयेत.

दिव्याजवळच्या बोर्डाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले किंवा घरातला ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडू लागला, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. पावसाळ्यातली ओल, पाण्याचा झारा आणि एक्स्टेंशन बोर्ड यांच्यावर स्वतः हात चालवू नये. कुंड्यांखालच्या लाद्यांतून खालच्या फ्लॅटच्या छताला ओल उतरली असेल तर कुंड्या त्याच दिवशी हलवाव्यात आणि सोसायटीला कळवून प्लंबरकडून जलरोधनाची तपासणी करून घ्यावी.

कृषी कार्यालयात जाताना नुसते वाळलेले पान नेऊ नये, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. अजून जिवंत असलेले संपूर्ण रोप मुळांसकट आणि मूठभर मातीसकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावे. सोबत शेवटचे पाणी कधी घातले, कुंडीत आणखी काय घातले आणि रोप कोणत्या दिशेच्या खिडकीत होते, हे कागदावर लिहून ठेवावे, कारण तिथले अधिकारी हेच तीन प्रश्न आधी विचारतात.